याकूब (अ.) यांचे अश्रू आणि आपले कर्तव्य



पुत्रवियोगाच्या शोकाने हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पांढरे पडले, असे सूरह यूसुफमध्ये आले आहे. ते अल्लाहचे प्रेषित होते. तरीही त्यांच्या शोकाला कुरआनने ईमानची उणीव म्हटले नाही. मग नापिकी आणि कर्जामुळे ज्याची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, त्या शेतकरी बांधवाला ‘तुझे ईमान कच्चे’ असे आपण कोणत्या अधिकाराने म्हणतो?

मनाचा आजार हाही आजारच आहे. अल्लाहने प्रत्येक आजारावर उपाय ठेवला आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हेही त्यांनीच शिकवले. म्हणून दुआ करावी आणि डॉक्टरांकडेही जावे. नुसत्या झाडफुंकीत दिवस दवडू नयेत.

रुग्णाची विचारपूस हा त्याचा आपल्यावरील हक्क आहे. फजरच्या जमातीतला नेहमीचा माणूस दिसेनासा झाला, तर त्याच्या घरी जावे. उपदेश करू नये; शेजारी बसून ऐकावे. घरातील स्त्रियांचे मौनही ओळखावे. आपले पैसे त्याच्याकडे अडकले असतील, तर मुदत द्यावी. तंगीतल्या कर्जदाराला सवलत देण्याची आज्ञा सूरह बकरामध्ये आहे. कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून रात्रंदिवस चालू असतो. मशिदीच्या फलकावर तो आजच लिहावा.

अल्लाह आपल्याला एकमेकांचा आधार होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.