तांब्याची सावली कुठून आली?

मालगुंडात केशवसुत कोण हे मुलांना सांगावं लागत नाही. १८६६ साली जन्मलेल्या या कवीचं घर गावात आहे, कोकण मराठी साहित्य परिषदेने उभं केलेलं स्मारक आहे आणि गणपतीपुळ्याला आलेल्या सहली वाट वाकडी करून तिथे डोकावून जातात. मराठीच्या बाई जरा उत्साही असल्या, तर चौदा ओळींचं सुनीत इंग्रजीतून मराठीत याच माणसाने आणलं आणि १८९२ सालचं ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे पहिलं सुनीत मानलं जातं, हेही मुलं सांगतात. कवितेचा एक घाट बाहेरून आला, कुणीतरी तो जाणूनबुजून आणला आणि हळूहळू तो मराठीत मुरला, ही गोष्ट मराठीच्या तासाला सहज सांगितली जाते.

आता कोकणातल्या कुठल्याही हायस्कुलातला पुढचा, चित्रकलेचा तास पाहू. इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षेची तयारी चालू आहे. टेबलावर चुण्या पाडलेली चादर, तिच्यावर तांब्या, दोन कांदे, एक वांगं. एका बाजूची खिडकी उघडी, दुसरीकडची लावून घेतलेली. तांब्याच्या पोटावर प्रकाशाचा ठिपका कोरा सोडायचा, कडेकडेला रंग गडद करत न्यायचा आणि खाली चादरीवर पडछाया टाकायची, नाहीतर वस्तू ‘हवेत तरंगते’ म्हणून गुण जातात. मुलं हे सगळं चोख करतात. पण तांब्या असाच का काढायचा, असा तो पहिल्यांदा कुणी काढायला शिकवला, हा प्रश्न त्या वर्गात निघत नाही. सावली जणू तांब्याबरोबरच जन्माला आली.

तिलाही सुनीतासारखाच प्रवास आहे. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. १८६५ साली तिथे लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक आले. केशवसुतांच्या जन्माच्या आगेमागेच म्हणायचं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची शिस्त त्यांच्याबरोबर आली: आधी भूमिती, मग प्लास्टरच्या ठोकळ्यांवरून आणि पुतळ्यांवरून रेखाटन, मग छायाप्रकाश. मुख्य हेतू होता तो हिशेबी हाताचे कारागीर आणि नक्षीकार घडवण्याचा. १८७९ साली सरकारी शाळांत ड्रॉइंग हा विषय आला आणि १८९३ साली जे. जे. मध्ये ड्रॉइंग मास्तर तयार करण्याचा वर्ग निघाला. आज कला संचालनालय घेतं त्या शासकीय रेखाकला परीक्षेतली कर्तव्यभूमिती आणि स्थिरचित्र यांची नाळ तिथे जाऊन पोचते.

परक्यांनी आणलं म्हणून हे फेकून द्या, असं मी म्हणत नाही. सुनीत कुठे फेकलं आपण? शिवाय छायाप्रकाश साधणं हे फार मोठं कौशल्य आहे. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर हातात दिवा घेतलेली बाई रंगवतात तेव्हा त्या ज्योतीचा उजेड पाहणाऱ्याला खरा वाटतो, तो याच शिक्षणाच्या जोरावर. माझी तक्रार वेगळी आहे. एका विशिष्ट काळात, विशिष्ट गरजेपोटी आलेली पाहण्याची एक रीत आपण मुलाला ‘चित्र काढणं म्हणजे हेच’ म्हणून शिकवतो. ज्याला ती जमत नाही तो मुलगा आठवीतच ठरवून टाकतो की आपल्याला चित्रकला येत नाही.

त्याला दुसरी रीत दाखवायची तर लांब जायला नको. रत्नागिरी तालुक्यातच उक्षीच्या सड्यावर जांभ्यात खोदलेला हत्ती आहे. राजापूर तालुक्यात कशेळीला त्याहून मोठा, जवळजवळ अठरा मीटर लांबीचा, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची दाटी. सुधीर रिसबूड, मनोज मराठे, धनंजय मराठे या मंडळींनी सडे पालथे घालून गावकऱ्यांच्या मदतीने कातळशिल्पांची अशी कितीतरी ठिकाणं उजेडात आणली. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत नऊ जागा गेल्या. त्यांतल्या सात रत्नागिरी जिल्ह्यातल्या. काळाबद्दल अभ्यासकांचे वाद आहेत, ते असोत. चित्रकलेच्या मुलाला तिथे वेगळीच गोष्ट पाहता येते.

कातळावर उभं राहिलं की हत्ती दिसत नाही. पायाशी दिसते ती नुसती चर, पावसाळ्यात पाणी धरणारी. तिच्या कडेने चालत राहावं लागतं. सोंडेपासून निघून पाठीवरून शेपटीपर्यंत गेलं की मग डोक्यात हत्ती पुरा होतो. बसायची ठरलेली जागा नाही, खिडकी नाही, क्षितिज नाही. हत्तीच्या पोटात दुसरे प्राणी कसे, असा हिशेबी प्रश्न खोदणाऱ्याला पडलेला नाही. तरी रेष इतकी सावध, की कानाचं वळण कुठेही डगमगत नाही. सावली न येणाऱ्या मुलाला हे कुणीतरी दाखवायला हवं. त्याला समजेल की सावलीवाचूनही पुरं चित्र होतं, आणि तेही काही सोपं नसतं.

मधले दुवेही हाताशीच आहेत. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे: बाजूने काढलेले चेहरे, टपोरे डोळे, सपाट रंग, चित्र पुढ्यात धरून सांगितलेली कथा. श्रावणात गणपतीच्या शाळेत पाट पोचलेले असतात आणि डोळ्यांची आखणी चालते, तेव्हा तिथे गर्दी करणारी मुलं दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला असतातच. घरात देव्हाऱ्याशेजारी कमळावर उभी असलेली लक्ष्मी आहे, तिच्या गालावर छटा आहेत. त्या छटा तैलचित्रातून आल्या, आणि १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने त्या भिंतीभिंतीवर पोचवल्या. म्हणजे वर्गातल्या तांब्यावरची सावली आणि आजीच्या लक्ष्मीवरची सावली एकमेकींच्या नात्यातल्या. चित्रकलेच्या सरांनी एवढं सांगितलं तरी पोरं त्या रात्री घरची तसबीर निरखून पाहतील.

कलेचा इतिहास अभ्यासक्रमात नाही असं मात्र म्हणता येणार नाही. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘भारतीय कलांचा इतिहास’ हा अख्खा पाठ आहे, त्यात चित्रकथीसुद्धा आहे. पण तो शिकवतात इतिहासाचे सर, फळ्यावर मुद्दे काढून, ‘टिपा लिहा’च्या बेताने. चित्रकलेचे सर शेजारच्या खोलीत. एकाकडे गोष्ट आहे आणि हात नाही, दुसऱ्याकडे हात आहे आणि गोष्ट नाही. अमेरिकेत गेटी संस्थेने १९८०च्या दशकात चित्र काढणं, इतिहास, समीक्षा आणि सौंदर्यविचार एकत्र शिकवण्याचा घाट घातला होता तो ही भिंत पाडण्यासाठीच. आपल्याला दाखला हवा तर तोही घरचा आहे. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बऱ्याच पुढे लंडनला आगीत जळाल्या. पण पेस्तनजी बोमनजीसारख्या विद्यार्थ्याने तिथे ब्रशाने जो इतिहास वाचला तो व्याख्यानातून मिळाला नसता. प्लास्टरचे ठोकळे काढायला शिकलेला हात पंधराशे वर्षांपूर्वीच्या रेषेमागे चालू लागला, की दोन्ही रीतींतला फरक बोटांनाच कळतो.

म्हणून कलेतिहासाचा वेगळा पेपर काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पेपर आला की गाइड आलं आणि ‘कशेळीच्या हत्तीची वैशिष्ट्ये लिहा’ आलं. इंग्लंडमध्ये बारावीच्या तोडीच्या परीक्षेतून २०१६ साली कलेतिहास जवळजवळ गेलाच होता. एका मंडळाने सोडला, ओरड झाली, दुसऱ्याने उचलला. परीक्षेच्या आधाराने उभा राहिलेला विषय असा एका बैठकीत आडवा होतो.

चित्रकलेच्या तासालाच हा इतिहास शिकवायचा कुणी, हा खरा अडसर. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला कलेसाठी अंशकालीन निदेशक मान्य केला, पण पट शंभराच्या वर असेल तरच. कोकणातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट पाहिला की या अटीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आणि जिथे चित्रकलेचे सर आहेत तिथे सव्वीस जानेवारीची रांगोळी त्यांची, फलकलेखन त्यांचं, स्नेहसंमेलनाचा पडदा त्यांचा, पाहुण्यांच्या स्वागताची पाटी त्यांची, आणि दहावीचे जादा तास घ्यायला मागितलेल्या तासिकाही त्यांच्याच. पदविका करताना कलेचा इतिहास ते शिकलेले असतात. तो बाहेर काढायला त्यांना वर्षात सहा तासिका आणि सड्यावर जायला एक गाडी पुरेल. त्यासाठी मुख्याध्यापकांनी स्वागताच्या पाट्या आधी दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवाव्यात.