थोरातांची शिपाईगिरी

स्वातंत्र्याच्या लढ्यात आपला सैनिक कुठे होता, असा विषय निघाला की कोल्हापूरकर 31 जुलै 1857 ची आठवण काढतात. त्या रात्री इथल्या 27 व्या पलटणीतले शिपाई इंग्रजांवर उलटले. पुढे या उठावापायी राजघराण्यातल्या चिमासाहेब महाराजांना कराचीला कैदेत ठेवलं गेलं आणि 1869 साली तिथेच त्यांचा अंत झाला. हा अभिमान रास्तच आहे. पण याच कोल्हापूरच्या लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरातांचं काय करायचं? त्यांचं पहिलं मोठं पदक इंग्रजांनीच दिलेलं होतं.

जानेवारी 1945. ब्रह्मदेशात, आराकानच्या किनाऱ्याजवळ कांगॉची लढाई. पंजाब रेजिमेंटची एक पलटण थोरातांकडे, दुसऱ्या दोन थिमय्या आणि सेन यांच्याकडे. तिघेही हिंदी. हिंदी माणसाला पलटण पेलणार नाही, हा साहेबी समज त्या टेकड्यांवर कायमचा मोडला. तिघांनाही डीएसओ हे इंग्रजांचं पदक मिळालं. त्याच युद्धात समोरच्या बाजूला आझाद हिंद सेना होती. तिचे ज्येष्ठ सेनानी जगन्नाथराव भोसले सावंतवाडीकडचे, थोरातांच्याच पिढीचे. थिमय्यांचा तर सख्खा भाऊच त्या सेनेत होता.

स्वातंत्र्य आल्यावर आझाद हिंदच्या सैनिकांना लष्करात परत घेतलं गेलं नाही. ते ऋण आपण फेडलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. पण त्यापायी थोरातांना साहेबाचा चाकर ठरवणं चूक आहे. पदक देणारा त्यात आपली मर्जी पाहतो. शिपाई कोणाचा, हे त्याच्या पुढच्या वागण्यावरून ठरवावं.

1953 साली कोरियातलं युद्ध थांबलं. मायदेशी जायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण भारतीय दलाकडे आली आणि त्या दलाचे प्रमुख होते थोरात. एके दिवशी चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून आत नेलं. बंदुका हाताशी होत्या. त्या चालल्या असत्या तर रक्ताचा सडा पडला असता आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या तटस्थपणावर कोणी विश्वास ठेवला नसता. थोरात त्या खवळलेल्या जमावात स्वतः गेले, बोलले, आणि गोळी न झाडता मेजरला सोडवून आणलं. याबद्दल भारताने त्यांना अशोकचक्र, दुसरी श्रेणी, दिलं. त्यालाच आता कीर्तिचक्र म्हणतात. ज्या हाताने कांगॉ जिंकलं त्याच हाताला इथे आवरून धरणं अधिक कठीण होतं, असं मला वाटतं.

पुढची कामगिरी पदकाविनाच राहिली. पूर्व विभागाचे प्रमुख असताना ऑक्टोबर 1959 मध्ये त्यांनी अहवाल लिहिला: चीन आला तर कुठून येईल, त्याला थोपवायला किती फौज लागेल. मार्च 1960 मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाच्या सरावात हेच चित्र त्यांनी वरिष्ठांपुढे मांडलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते पटलं नाही. 1961 मध्ये थोरात निवृत्त झाले, आणि ऑक्टोबर 1962 मध्ये चीन आला. मंत्र्याला न आवडणारं खरं, पदावर असताना, कागदावर सही करून सांगणारा सेनापती हा मला स्वतंत्र देशाचा सैनिक वाटतो. त्याची भरती कोणत्या झेंड्याखाली झाली होती, याने त्यात उणं येत नाही.