लाईट बिल नेमकं कोणाचं?

घर बुलढाणा जिल्ह्यात आणि नोकरी पुण्यात, हैदराबादेत किंवा बंगळुरूत, अशा कुठल्याही मुला-मुलीचा लॅपटॉप उघडून पाहा. महावितरणच्या बिल भरण्याचं पान त्यात सेव्ह केलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. बारा अंकी ग्राहक क्रमांक अनेकांना पाठ असतो. तो टाकायचा, बिलिंग युनिट निवडायचं, कॅप्चा भरायचा, कार्ड किंवा यूपीआयने पैसे द्यायचे. दोन मीटिंगच्या मधल्या पाच मिनिटांत चिखलीचं, मेहकरचं, नांदुऱ्याचं लाईट बिल भरून होतं. मग घरच्या ग्रुपवर पावतीचा स्क्रीनशॉट टाकायचा. त्यावर बाबांचा अंगठा येतो. विषय संपतो.

त्या पानाची एक गंमत आहे. बिल भरताना 'तुम्ही कोण?' असं ते विचारत नाही. लॉगिनही लागत नाही. ग्राहक क्रमांक माहीत असेल तर कुणीही कुणाचंही बिल भरू शकतं. सॉफ्टवेअर लिहिणारा म्हणून मला हे डिझाइन योग्यच वाटतं. पैसे कुणी भरले याने कंपनीच्या हिशेबात फरक पडत नाही, थकबाकी शून्य झाली की झालं. घरात मात्र फरक पडतो, आणि या लेखाचा प्रश्न तोच आहे. दुसऱ्याचं बिल परस्पर भरणं ही मदत कुठवर असते, आणि त्याच्या घराचा कारभार हातात घेणं कुठून सुरू होतं?

आमच्याच घरचं बिल घ्या. त्यावर नाव आजोबांचं आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण मीटर त्यांच्याच नावावर आहे. नोंदवलेला मोबाईल नंबर माझा. पैसे जातात माझ्या खात्यातून. आणि त्या मीटरवर पंखा, फ्रिज, मोटर चालवतात आई-बाबा. त्यांचं नाव त्या कागदावर कुठेच नाही. गावाकडच्या मित्रांना विचारलं तर थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच. नाव एकाचं, नंबर दुसऱ्याचा, पैसे तिसऱ्याचे आणि राहणारे चौथेच.

यात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मोबाईल नंबर. महावितरण नोंदवलेल्या नंबरवर फक्त बिल पाठवत नाही. या महिन्याचं रीडिंग किती, बिल किती, शेवटची तारीख कोणती, दुरुस्तीसाठी लाईट किती वाजता जाणार, हे सगळं त्याच नंबरवर येतं. म्हणजे चिखलीत लाईट जाणार असल्याची आगाऊ बातमी हिंजवडीत एसीत बसलेल्या माणसाला मिळते. ज्यांनी आदल्या दिवशी टाकी भरून ठेवायला हवी, त्यांना मोटर बंद पडल्यावर कळतं. नंबर नोंदवताना कुणाचाही हेतू वाईट नसतो. 'ओटीपी येतो, माझाच टाक' असं म्हणून तो टाकलेला असतो. पण त्या दिवसापासून घराची खबर घरातून निघून दुसऱ्या शहरात जाते.

यावर पहिला आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. भरणा केंद्रासमोर रांगेत उभं राहण्यात कसली आली आहे प्रतिष्ठा? विदर्भातलं मे महिन्याचं ऊन, गुडघेदुखी, खिडकीपाशी पोचल्यावर 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या', नाही तर 'सुट्टे द्या'. खेड्यातून तालुक्याला जायचं तर एसटीचं भाडं आणि अर्धा दिवस. रोजंदारीवर जाणाऱ्याची त्या दिवशीची मजुरी बुडते. ज्याने ही रांग स्वतः लावलेली नाही, त्याने रांगेच्या आठवणींत रमू नये. आई-बाबांना त्या उन्हातून सोडवणं हे चांगलंच काम आहे. ते बंद करा असं मी म्हणत नाही.

मी वेगळी गोष्ट म्हणतो आहे. 'बिल भरणं' या दोन शब्दांत चार कामं आहेत. बिल पाहणं. ते बरोबर आहे का तपासणं. त्याबद्दल काय करायचं ते ठरवणं. आणि शेवटी पैसे पोचवणं. ऊन, रांग, एसटी हे सगळं चौथ्या कामात आहे. कॉम्प्युटरने सोपं केलं ते हे चौथं काम. आपण मात्र चौथ्यासोबत पहिली तीनही उचलून आणली. आणि खरं सांगायचं तर आणून ती करतही नाही. मीटिंगच्या मधल्या पाच मिनिटांत बिल तपासायला वेळ कुणाला असतो? आकडा दिसतो, आपण तो भरतो. ऑटो-पे लावलं असेल तर आकडाही दिसत नाही.

कागदाचं बिल दाराच्या कडीत खोचलेलं असायचं, तेव्हा ते वाचलं जायचं. मागील रीडिंग, चालू रीडिंग, वजाबाकी. मग कुणीतरी उठून मीटरपाशी जाऊन आकडा ताडून पाहायचं. 'औंदा युनिट काहून वाढले?' यावर घरात चर्चा व्हायची. या चर्चेला व्यवहारात अर्थ होता. घरगुती वापराचे दर टप्प्यांनी वाढतात. १०० युनिटच्या पुढच्या युनिटांना दर एकदम चढतो, ३०० च्या पुढे आणखी. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, कधी इंधन समायोजन आकार, आणि घरगुती ग्राहकाला १६ टक्के विद्युत शुल्क. कधी रीडिंगच घेतलेलं नसतं आणि सरासरीचं बिल येतं. हे पकडू शकतो तो मीटरपासून दहा पावलांवर राहणारा माणूस. चारशे किलोमीटरवरचा माणूस नाही.

आणि चूक पकडली तर कायदा त्याच्या बाजूने आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी लाईट तोडण्याआधी किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहक निषेध नोंदवून पैसे भरू शकतो. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत लाईट तोडता येत नाही. त्याच कायद्याने ग्राहकांच्या तक्रारींसाठी मंचही दिला आहे. हे सगळे अधिकार कागदावर ग्राहकाचे आहेत. पण ते वापरण्यासाठी कुणीतरी बिलाकडे पाहून 'हे चुकलंय' म्हणावं लागतं. जे बिल राहणाऱ्याला दिसत नाही आणि भरणारा वाचत नाही, त्याबाबत हे अधिकार असून नसल्यासारखे.

दुसरा धोका जास्त वाईट आहे. 'मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असे खोटे मेसेज २०२२ च्या सुमारास राज्यभर फिरले. त्यात लोकांची खाती रिकामी झाली. महावितरणला वारंवार आवाहन करावं लागलं की असे मेसेज आम्ही पाठवत नाही. आता विचार करा, असा मेसेज कुणाला घाबरवतो? ज्याला आपलं बिल कधी भरलं गेलं, किती होतं, पुढची तारीख कोणती हे ठाऊक आहे, तो निदान थबकतो. ज्याच्या हातातून हा विषय पाच वर्षांपूर्वी गेला, त्याच्याकडे थबकण्यासाठी काहीच नसतं. 'पोरगा कामात असंल, आपणच निपटवून टाकू' म्हणून तो फोन लावतो. आई-बाबांना व्यापातून सोडवताना आपण त्यांची ही माहितीही काढून घेतो, आणि फसवणुकीच्या वेळी नेमकी तीच कामाला आली असती.

आतापर्यंत मी 'आई-बाबा' असं एकत्र म्हणालो, पण त्यांची गोष्ट एक नाही. बहुतेक घरांत बिल बाबांच्या हातात होतं. आई घर चालवायची, पण बिल, पासबुक, सातबारा हे बाबांच्या पिशवीत. बाबा थकले किंवा गेले की पिशवी थेट मुलाच्या लॅपटॉपमध्ये जाते. आईच्या हातात ती मधल्या काळातही येत नाही. एका पुरुषाकडून दुसऱ्या पुरुषाकडे कारभार जातो आणि तंत्रज्ञानामुळे तो इतका गुपचूप जातो की कुणाला जाणवतही नाही. पूर्वी निदान तालुक्याला जायची अडचण सांगता यायची. आता बिल भरणं आईच्याच फोनवर शक्य आहे. त्याच फोनवर ती भजनं ऐकते, नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलते. तरी हे काम तिच्याकडे आपोआप येत नाही, कारण द्यायचं कुणाला सुचत नाही.

'पण त्यांनाच नको असतं,' हा दुसरा आक्षेप. खरं आहे. 'तूच भरून टाक, मले काय समजते त्याच्यातलं?' हे वाक्य वऱ्हाडातल्या कुठल्याही घरात ऐकू येतं. ही संमती आहे का? काही वेळा नक्कीच आहे. आयुष्यभर बिलं भरून कंटाळलेल्या माणसाला सुटका हवी असू शकते आणि ती त्याने मागावी. पण काही वेळा हे वाक्य म्हणजे एका उद्धट स्क्रीनपुढे घेतलेली माघार असते. इंग्रजी बटणं, बारीक अक्षरं, एक मिनिटात बाद होणारा ओटीपी, आणि शेजारी उभं राहून 'अगं, तिथं नाही, इथं दाब' म्हणणारं चिडकं पोर. दोन्हींतला फरक ओळखायचा एक साधा उपाय आहे. एक महिना शांतपणे शिकवून पाहावं. त्यानंतरही नको म्हणाले तर ती संमती.

मुलांचं कर्तव्य काय याबद्दल आपल्याकडे जुनी भाषा आहे पितृऋणाची आणि नवी भाषा आहे कायद्याची. लाईट बिल दर महिन्याला शून्य होतं. पितृऋण तसं शून्य होत नाही, पण ऑनलाइन पैसे भरल्यावर ते थोडं फिटल्यासारखं वाटतं. स्क्रीनशॉट टाकताना मिळणारं समाधान यातूनच येत असावं. कायदा मात्र एक अनपेक्षित शब्द वापरतो. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यातलं कलम ४ सांगतं की मुलांची जबाबदारी आई-वडिलांच्या गरजांपर्यंत जाते, ती त्यांना सामान्य जीवन जगता यावं म्हणून. सामान्य जीवन म्हणजे फक्त अन्न, वस्त्र, औषध आणि चालू असलेला पंखा का? आपल्या घरात काय येतं, काय जातं, किती खर्च होतो हे माहीत असणं आणि त्यावर आपला शब्द चालणं, हेही सामान्य जीवनातच येतं. साठीतला माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा राहू लागला, तर पोटगीची रक्कम कितीही असो, कायद्याचा तो शब्द पाळला गेला असं म्हणता येणार नाही.

व्यवस्थेची बाजूही बघायला हवी, कारण सगळा भार घराघरातल्या मुलांवर टाकणं अन्यायाचं होईल. ऑनलाइन भरणाऱ्याला महावितरण पाव टक्का सूट देतं. छापील बिल नाकारून ईमेलवर घेतलं तर दर बिलामागे दहा रुपये. बाराशेच्या बिलावर हे जेमतेम तेरा रुपये होतात, म्हणून त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. पण इशारा कोणत्या दिशेने आहे ते कळतं. कागद सोडला की सूट, आणि घरात पोचणारी शेवटची खबर तोच कागद होता. पैशाचंही तसंच. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांवर लोकांचा मोठा भरवसा. १९८६ साली सुरू झालेली बुलढाणा अर्बन ही देशातल्या नावाजलेल्या पतसंस्थांपैकी एक. पण पतसंस्था ही बँक नव्हे, आणि यूपीआयची सगळी रचना बँक खात्याभोवती आहे. ज्यांची बचत पतसंस्थेत आणि ज्याचा पगार बँकेत, त्या दोघांत पैसे भरणं कुणाला सोपं जाणार हे आधीच ठरलेलं आहे.

ही फक्त आपल्याकडची अडचण नाही. ब्रिटनने २०२३ च्या कायद्यात रोख पैसे भरण्या-काढण्याच्या सोयी टिकवायची तरतूद केली. आपल्याकडे ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचं आणि दृष्टिहीनांचं होतं, केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप मागणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दलचं. तत्त्व मात्र त्याहून रुंद आहे. स्क्रीन वापरता येत नसेल तर दोष आधी स्क्रीनमध्ये शोधायचा. मराठीत, मोठ्या अक्षरांत, सावकाश चालणारं बिल भरण्याचं पान बनवणं अवघड नाही. हे मी माझ्या धंद्यातल्या माणसांना उद्देशून म्हणतो आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? नोंदवलेला नंबर बदलून घरात राहणाऱ्याचा टाकता येतो. बिल आईच्या फोनवर येऊ द्यावं आणि रविवारच्या फोनवर तिने ते आपल्याला वाचून दाखवावं. पैसे आपलेच द्यायचे असतील तर तिच्या खात्यात पाठवावेत आणि बटण तिने दाबावं. यूपीआय सर्कल २०२४ पासून आलं आहे. त्यात आपल्या खात्यातून ठरावीक मर्यादेत पैसे द्यायची मुभा विश्वासातल्या माणसाला देता येते. म्हणजे पैसे एकाचे आणि निर्णय दुसऱ्याचा, ही व्यवस्था आता तंत्रज्ञानालाही समजते. यात आपला वेळ जास्त जाईल. पाच मिनिटांचं काम पंचवीस मिनिटांचं होईल, आणि त्यातली वीस मिनिटं फ्रिज जुना झाला का, शेजारच्यांनी सोलर बसवलं का, यात जातील.

काही घरांत हे शक्य नसेल. नजर गेलेली असेल, आठवण गेलेली असेल. तिथे कारभार हातात घ्यावाच लागतो आणि तो संकोच न करता घ्यावा. फक्त तेव्हा आपण मालक नसून विश्वस्त असतो, आणि विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो. ऐकणाऱ्याला तो पूर्ण कळला नाही तरी सांगावा. या महिन्यात नव्वद युनिट झाले, एवढे पैसे भरले, पुढची तारीख अमुक. पावतीचा स्क्रीनशॉट पाठवून एवढं होत नाही, त्यासाठी फोनच करावा लागतो.