उत्तराआधीच्या पायऱ्या

'इकॉनॉमेट्रिका' या नियतकालिकाचा पहिला अंक जानेवारी १९३३ मध्ये निघाला. संपादक होते नॉर्वेचे राग्नार फ्रिश. अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल पुढे १९६९ मध्ये यान टिनबर्गेन यांच्याबरोबर त्यांनाच मिळालं. पहिल्याच संपादकीयात त्यांनी एक नियम जाहीर केला. ज्या लेखात आकड्यांचं काम असेल, त्याची मूळ आकडेवारी शक्यतो लेखासोबतच छापली जाईल, म्हणजे इतरांना टीका करता येईल, तपासता येईल आणि काम पुढे नेता येईल. आकडेवारी फारच मोठी असेल तर मात्र सूट.

ही सूटच नियमाला गिळून बसली. छपाईची पानं महाग, संपादकाला ती वाचवायची घाई. त्यात विद्यापीठांत संगणक आले, शेकडोंच्या जागी हजारो नोंदींची गणितं होऊ लागली आणि आकडेवारी लेखकाच्या कपाटात जाऊन पडली. वाचकासमोर उरला निष्कर्षांचा एक तक्ता. शाळेत पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं तर गुरुजी गुण कापत. इथे पायऱ्यांशिवायच्या उत्तरांवर प्राध्यापकपदं मिळत होती.

याला कुणी लबाडी म्हणत नसे. आकडेवारी हवी असेल तर लेखकाला पत्र लिहा, तो देईल, असा सगळ्यांचा समज होता. आपल्या व्यवसायातल्या माणसावर अविश्वास दाखवणं असभ्यच. तो समज खरा आहे का, हे पाहायचं १९८२ मध्ये 'जर्नल ऑफ मनी, क्रेडिट अँड बँकिंग'ने ठरवलं. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने पैसे दिले. विल्यम डिवॉल्ड, जेरी थर्स्बी आणि रिचर्ड अँडरसन या तिघांनी लेखकांकडे आकडेवारी आणि गणितं करणारे प्रोग्राम, म्हणजे कोड, मागायला सुरुवात केली. १९८६ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त त्यांचा अहवाल आला तेव्हा बऱ्याच जणांचे चेहरे उतरले असणार. ज्यांचे लेख आधीच छापून झाले होते, त्यांतल्या अनेकांनी काहीच पाठवलं नाही. कुणाची आकडेवारी हरवली होती, कुणी उत्तरच दिलं नाही. जे हाती आलं तेही बहुतेक इतकं अर्धवट होतं, की कोणता स्तंभ कशाचा, हेच कळेना. छापील लेखांत चुका असणं हा अपवाद नव्हता, रोजचीच गोष्ट होती.

अहवाल छापणाऱ्या 'रिव्ह्यू'ने लगेच नियम केला, की लेखकांनी आकडेवारी उपलब्ध ठेवावी. पण हा नियम पुन्हा 'मागितल्यास' या शब्दावरच उभा होता. ब्रूस मॅककलो आणि हृषीकेश विनोद यांनी त्याच नियतकालिकाचा जून १९९९चा एक अंक घेऊन लेखकांकडे मागणी केली. निम्म्यांनी नियम पाळला नाही. हे २००३ मध्ये 'रिव्ह्यू'मध्येच छापून आलं, ही संपादकांची दानत म्हणायची. संपादक होते बेन बर्नान्की, पुढे अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष झाले तेच. दुसऱ्याच वर्षी त्यांनी नियम बदलला: लेख छापायचा असेल तर आकडेवारी आणि प्रोग्राम आधी जमा करा.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा बदल हाच. लेखक १९८६ला जसे होते तसेच २००४लाही होते, फक्त मागणीची वेळ बदलली. लेख छापून होईपर्यंत लेखकाला संपादकाची गरज असते, छापून झाल्यावर ती संपते. सौजन्यावर सोडलेली गोष्ट आणि दारावर मागितलेली गोष्ट, यांत एवढाच फरक असतो आणि तो पुरेसा असतो.

पण जमा झालं म्हणजे चाललं, असंही नाही. 'मनी, क्रेडिट अँड बँकिंग'ने स्वतःचा संग्रह ठेवला होता. मॅककलो आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तो उघडून पाहिला, तर दीडशेहून अधिक लेखांपैकी पंधरासुद्धा लेखांचे निष्कर्ष पुन्हा काढता आले नाहीत. फाइल अपुऱ्या होत्या किंवा नव्हत्याच. कपाट होतं, आत काय आलं हे कुणी पाहत नव्हतं.

मग आलं राइनहार्ट आणि रोगॉफ यांचं प्रकरण. ते सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे ते चुकीचं सांगतात. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१०चा लेख सांगत होता, की सरकारी कर्ज एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलं की प्रगत देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते. युरोप-अमेरिकेतल्या काटकसरीच्या बाजूच्या राजकारण्यांना हा आकडा फार आवडला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातल्या गृहपाठासाठी तो लेख पुन्हा करू पाहत होता. त्याला तो आकडा काही मिळेना. त्याने लेखकांना लिहिलं आणि त्यांनी एक्सेलची फाइल पाठवून दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. सरासरीच्या सूत्रात ४९व्या ओळीऐवजी ४४व्या ओळीपर्यंतच निवड झाली होती. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क गळाले होते.

वर्तमानपत्रांना एवढंच पुरलं: एक्सेलच्या चुकीने जगावर काटकसर लादली. पण हर्नडन, मायकेल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन यांनी २०१३ मध्ये मांडलेला हिशेब नीट वाचला तर त्या प्रसिद्ध चुकीचा वाटा जेमतेम ०.३ टक्का होता. त्यांचं उत्तर मात्र २.२ टक्के आलं. उरलेली तफावत चुकांची नव्हती, निर्णयांची होती. काही देशांची काही वर्षं हिशेबात धरली नव्हती. शिवाय प्रत्येक देशाला सारखं वजन दिलं होतं, त्यामुळे न्यूझीलंडचं १९५१ हे एकच वर्ष, उणे ७.६ टक्क्यांचं, ब्रिटनच्या १९ वर्षांच्या बरोबरीला बसलं. असं वजन का द्यावं यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि लेखक बोललेही. पण लेख वाचून हा वाद उद्भवलाच नसता. तो फाइलच्या आत होता.

कोड मागायचा तो चोर पकडायला, ही समजूत म्हणूनच मला अपुरी वाटते. कोड म्हणजे लेखकाने घेतलेल्या शेकडो बारीक निर्णयांची यादी. ही ओळ गाळली, हे वर्ष धरलं, हा आकडा टोकाचा म्हणून कापला. लेखाच्या गद्यात त्यांतले चार-दोनच उतरतात, बाकीचे 'प्रचलित पद्धतीनुसार' या शब्दांत लपतात.

अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१८ मध्ये लार्स व्हिलह्यूबर यांना डेटा संपादक म्हणून नेमलं आणि २०१९ पासून त्यांच्या नियतकालिकांत लेख छापण्याआधी कोड प्रत्यक्ष चालवून पाहिला जाऊ लागला. फ्रिश यांच्या संपादकीयाला तोवर ८६ वर्षं झाली होती. या तपासणीतून निघतं ते एवढंच, की छापलेला आकडा या फाइलमधून खरोखर बाहेर येतो. मूर्ख गृहीतकही दरवेळी तेच उत्तर इमानदारीने देतं.

आक्षेपही आहेत, आणि सगळे खोटे नाहीत. ज्याने पाच वर्षं गावोगाव फिरून पाहणी केली, त्याने ती पहिल्याच लेखाबरोबर वाटून टाकावी का? ठरावीक मुदतीचा पहिला हक्क त्याला द्यावा, असं मला वाटतं, कायमचा मात्र नाही. करखात्याच्या किंवा रुग्णालयांच्या नोंदी तर खुल्या करताच येत नाहीत. फ्रान्समध्ये यासाठी 'कास्कॅड' ही संस्था निघाली आहे. गोपनीय नोंदी पाहण्याची परवानगी असलेला तिसरा माणूस तिथे कोड चालवून दाखला देतो.

आपल्याकडे आकडेवारीवर उघड भांडण्याची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास १९७१ मध्ये मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला, तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या तक्त्यांवर. त्याच सुमारास त्याच पाहणीच्या आकड्यांवरून बी. एस. मिन्हास यांना दारिद्र्य घटलेलं दिसलं, तर प्रणव बर्धन यांना वाढलेलं. वाद तिखट झाला, पण तक्ते सर्वांसमोर होते आणि कोण कुठे वळला हे तपासता येत होतं. पुढे नमुना पाहणीच्या कुटुंबनिहाय नोंदीही अभ्यासकांना मिळू लागल्या.

२०१७-१८च्या उपभोग खर्च पाहणीचे निष्कर्ष मात्र दर्जाचं कारण देऊन जाहीर न करण्याचा निर्णय सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतला. त्यामुळे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ची पाहणी येईपर्यंत भारतातल्या दारिद्र्याचा अंदाज कुणी राष्ट्रीय लेख्यांवरून बांधला, तर कुणी सीएमआयई या खासगी संस्थेच्या वर्गणी भरून मिळणाऱ्या पाहणीवरून. अंदाज एकमेकांपासून फार दूर पडले. या मंडळींनी आपले कोड कितीही खुले केले असते, तरी ज्या पाहणीशी ते ताडून पाहायचे ती बंदच होती.