गुण द्रव्यात असतो का?

पुष्य नक्षत्राच्या दिवशी नाशिकमध्ये लहान मुलांना सुवर्णप्राशन दिलं जातं. मध आणि तूप, त्यात किंचित सुवर्णभस्म. आईवडिलांच्या श्रद्धेमागे एक न बोललेलं गृहीतक असतं: सोनं मुळातच शुद्ध, म्हणून त्याचा अंशही हितकरच. द्रव्याचा गुण द्रव्यातच वसतो, ते कितीही बारीक केलं तरी तो ढळत नाही, असं आपण मानून चालतो. हे मानणं तपासून घ्यायला हवं, आणि गेल्या वीस वर्षांतल्या रक्ताच्या अभ्यासात त्यासाठी भरपूर ऐवज आहे.

रक्तातली प्लेटलेट म्हणजे जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची चकती. एरवी ती गुळगुळीत असते. रक्तवाहिनीची भिंत दुखावली की तिला हातपाय फुटल्यासारखे लांब धागे फुटतात, ती चिकट होते, शेजारच्या प्लेटलेटला धरते आणि गुठळी बांधली जाते. जखमेवर ही गुठळी जीव वाचवते, हृदयाच्या धमनीत जीव घेते. शंभर नॅनोमीटरहून लहान कण रक्तात आले तर काय होतं? २००५ साली मारेक रॅडोम्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कार्बनच्या काही नॅनोकणांमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. पण साठ अणूंच्या गोल फुलरिनमुळे, तोही कार्बनच असून, तसं होत नाही. बनारस हिंदू विद्यापीठात देबब्रत दाश यांच्या प्रयोगशाळेचं काम तर याहून बोलकं आहे. २००९ साली तिथे चांदीच्या नॅनोकणांनी प्लेटलेटना गोळा होण्यापासून रोखलं. २०११ साली ग्राफीन ऑक्साइडच्या पातळ पापुद्र्यांनी उंदरांमध्ये गुठळ्या केल्या. पुढच्याच वर्षी पृष्ठभागावर अमाइन गट जोडलेल्या ग्राफीनने त्या केल्या नाहीत. कार्बन तोच, फक्त पृष्ठभाग बदलला. शिवाय कण रक्तात शिरताच अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन अशी प्रथिनं त्याला लपेटतात, आणि पेशीची गाठ पडते ती त्या प्रथिनांच्या वेष्टनाशी. तेव्हा गुण ‘कार्बनचा’ किंवा ‘चांदीचा’ म्हणायची सोय राहत नाही. तो आकार, पृष्ठभाग, मात्रा आणि ज्याच्या रक्तात तो कण गेला ते शरीर यांच्या संबंधातून उभा राहतो.

हा विचार आपल्याला परका नाही. कारणाचे गुण कार्यात उतरतात हा वैशेषिक दार्शनिकांचा नियम. पण परिमाणापाशी त्यांनाच अपवाद करावा लागला. परमाणूंच्या सूक्ष्मतेतून मोठेपणा येऊ शकत नाही, म्हणून तो संख्येतून येतो असं त्यांनी मानलं. झरोक्यातल्या उन्हात तरंगणारा कण हे त्यांचं त्र्यणुक, डोळ्यांना दिसणारं सर्वांत लहान द्रव्य. त्यांच्या परमाणूचा आजच्या नॅनोकणाशी संबंध जोडणं मला मान्य नाही. पण आकार हा द्रव्याचा बाहेरचा तपशील नाही, त्याचा स्वतंत्र हिशेब द्यावा लागतो, एवढं त्यांना नक्की कळलं होतं. चरकही कोणतंच द्रव्य औषधाबाहेर ठेवत नाही, मात्र युक्ती आणि हेतू यांच्या अटीवर. नीट न वापरलेलं औषध विष होतं, हेही तोच सांगतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: प्रयोगातले कण थेट रक्तात मिसळलेले, भस्म मात्र पोटातून जातं. अगदी खरं. म्हणूनच या प्रयोगांवरून सुवर्णभस्माने गुठळ्या होतात असं म्हणता येत नाही, आणि मी म्हणतही नाही. पण हाच न्याय दुसऱ्या बाजूलाही लागतो. सुवर्णभस्मात सुमारे ५६-५७ नॅनोमीटरचे स्फटिक सापडले तेव्हा ‘आपल्या पूर्वजांची नॅनोविद्या’ म्हणून आनंद झाला. नॅनो या शब्दाचा मान घ्यायचा तर त्याची जबाबदारीही घ्यावी लागेल. दुसरा आक्षेप शतकांच्या अनुभवाचा. अनुभव मोठाच, पण तो लगेच दिसणारा परिणाम टिपतो. बालपणी घेतलेल्या थेंबांचा चाळिशीतल्या धमनीशी संबंध असो वा नसो, तो नुसत्या नजरेला कळणार नाही. तिसरा आक्षेप श्रद्धेचा: पवित्र गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू नये. हा मला सर्वांत कमकुवत वाटतो, कारण धातूंची औषधं करणाऱ्या रसशास्त्राने भस्माला कधीच सूट दिली नाही. चिमटीत चोळलेलं भस्म बोटांच्या रेषांत भरलं पाहिजे, ते रेखापूर्ण. पाण्यावर टाकल्यावर तरंगलं पाहिजे, ते वारितर. पुन्हा तापवून त्यातून मूळ धातू परत येता कामा नये. या कसोट्या न उतरणारं भस्म त्याज्य. ज्या परंपरेने बोटाच्या रेषेची कसोटी लावली, तिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं वावडं असायचं कारण नाही.

काश्यपसंहितेतलं लेहन, म्हणजे बाळाला चाटवण्याचा विधी, नीट पाहावं. पूर्वेकडे तोंड करून, धुतलेल्या दगडावर थोड्या पाण्यात सोनं उगाळायचं आणि मध-तुपात कालवून बाळाला चाटवायचं. तिथे उगाळलेलं सोनं आहे, आज थेंबांत बहुधा भस्म असतं. ‘सोनं ते सोनंच’ म्हणणाऱ्याला या दोहोंत फरक नाही. पण उगाळलेल्या धातूचे कण आणि अनेक पुटांनंतर, म्हणजे वारंवार भाजल्यानंतर, उरलेले कण आकाराने वेगळे असणार, त्यांचा पृष्ठभाग वेगळा, म्हणजे शरीराशी त्यांचा संबंधही वेगळा. काश्यपाचा आधार एकासाठी घेऊन दुसरं देता येत नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे, आणि रसशास्त्राचे विद्यार्थी त्याच्याच पदव्या घेतात. भस्माच्या प्रत्येक घाण्याचा कणाकार मोजणं, आतड्यातून रक्तात किती सोनं पोहोचतं ते पाहणं आणि त्या मात्रेत प्लेटलेट कशा वागतात ते तपासणं, एवढं काम एका प्रबंधात मावू शकतं. तोवर पुढच्या पुष्य नक्षत्राला बाळाला घेऊन येणाऱ्या आईने वैद्यांना विचारावं: यात उगाळलेलं सोनं आहे की भस्म, किती, आणि त्याचे कण कुणी मोजलेत?