रामलालचं काय चुकलं?

चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. तेव्हापासून बंदीवाले आणि परवानेवाले यांची जुंपलेली आहेच. त्यात एका ज्येष्ठ स्तंभलेखकांनी मध्येच तिसरं पिल्लू सोडलं. त्यांच्या मते प्रश्न बंदीचा नाही आणि परवान्याचाही नाही, प्रश्न निश्चयाचा आहे. समुपदेशन हे शहरी लोकांचं तासावर पैसे मोजून गप्पा मारण्याचं फॅड. एखाद्या खऱ्या मित्राने वेळेवर कान उपटले की काम भागतं. मग दाखला आला 'एकच प्याला' या नाटकाचा. रामलालसारखा मित्र असूनही सुधाकर बुडालाच ना? ज्याच्यात निश्चय नाही त्याला कोण तारणार?

दाखला नामी आहे. फक्त तो त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही.

पण आधी त्या निश्चयाचं बघू. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका सकाळी खरोखरच निश्चय केला आणि घरच्या घरी दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत हातपाय थरथरतात, काहींना फिट येते; पुढे भास होतात, भिंतीवर नसलेले किडे दिसू लागतात. यात माणूस दगावूही शकतो. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं आणि 'बी वन' जीवनसत्त्व देऊन काढावे लागतात. म्हणजे इथे निश्चय जितका कडक तितका धोका मोठा. हे स्तंभात कुठे नव्हतं. 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशा भिंतींवरच्या जाहिरातींचा उल्लेखही नव्हता. डायसल्फिरामसारखी गोळी आमटीत कालवून दिली आणि वर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून भलतंच होऊ शकतं. निश्चयवाल्यांना हा प्रकारही न आवडणाराच असणार, त्यात निश्चय फक्त बायकोचा असतो.

आता रामलाल. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि हे नाटक त्यांच्या मागे रंगभूमीवर आलं. शंभर वर्षं आपण सुधाकरच्या बायकोसाठी, सिंधूसाठी रडलो आणि त्याच्या पिणाऱ्या सोबत्याला, तळीरामाला हसलो. रामलालकडे मात्र कुणी नीट पाहिलं नाही. तो सज्जन आहे, विद्वान आहे, सुधाकरावर त्याचं प्रेम आहे. दारू सोड, असं तो परोपरीने सांगतो. यावर सुधाकर काय करतो? व्यसनाच्या अवस्था एकामागून एक उलगडून, दारू सुटणं कसं अशक्य आहे हे तो रामलाललाच समजावतो. नाटकातलं व्यसनावरचं सर्वांत मर्मभेदक बोलणं व्यसनी माणसाच्या तोंडी आहे आणि ते सोडण्याच्या विरोधातलं आहे. नट तिथे टाळी घेतो. मला तिथे धडकी भरते, कारण आपल्याच युक्तिवादाने स्वतःची पक्की खात्री पटवून घेणारा माणूस समोर दिसतो.

गडकऱ्यांनी जे पाहिलं ते मोजून दाखवणारा माणूस पुढे अमेरिकेत निघाला. विल्यम मिलर, न्यू मेक्सिकोतला मानसशास्त्रज्ञ. १९८० मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी अति पिणाऱ्यांवरच्या उपचारांचा अभ्यास छापला. उपचारपद्धती ठरलेली होती, समुपदेशक मात्र वेगवेगळे. सहा महिन्यांनी पाहिलं तर फरक पडला होता तो मुख्यतः समोर बसलेल्या माणसामुळे: तो ऐकतो किती, पेशंटच्या जागी जाऊन समजून घेतो किती. ज्यांना नुसतं एक स्वमदतीचं पुस्तक देऊन घरी पाठवलं होतं, त्यांचंही बरं चाललं होतं. समजून न घेणाऱ्या समुपदेशकांचे पेशंट मात्र या पुस्तकवाल्यांपेक्षाही मागे पडले. वाईट समुपदेशन घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं! आमच्या स्तंभलेखकांना हे वाक्य मी आनंदाने भेट देतो.

पुढे मिलर नॉर्वेत गेला. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्याला मध्येच थांबवून विचारत, आत्ता तुम्ही हाच प्रश्न का विचारलात, दुसरा का नाही? उत्तरं शोधता शोधता त्याला आपलीच रीत कळत गेली आणि त्यातून १९८३ चा त्याचा प्रसिद्ध लेख झाला. मुद्दा असा की व्यसनी माणसाच्या मनात 'सोडावं' आणि 'सोडू नये' हे दोन्ही पक्ष आधीच भांडत असतात. तुम्ही 'सोड'ची वकिली घेतलीत की दुसरं वकीलपत्र त्याच्याकडे आपोआप जातं. आणि सुधाकर तर पेशाने वकीलच! मिलरच्या १९९३ च्या अभ्यासात समुपदेशक जितका अंगावर धावून गेला, तितकं वर्षभरानंतर पेशंटचं पिणं जास्त आढळलं. कान उपटण्याची किंमत ही अशी. सोडण्याची कारणं पेशंटच्या तोंडून यावीत, इतक्या साध्या गोष्टीसाठी समुपदेशकाला आधी स्वतःची जीभ आवरायला शिकावं लागतं. आपल्या सुशिक्षित समाजात याहून अवघड प्रशिक्षण मला माहीत नाही.

तर रामलाल चुकला तो बोलून, असं म्हणून लेख इथेच आटोपता आला असता. पण मग समुपदेशकांच्या पदरातही एक-दोन गोष्टी घालाव्या लागतात. अमेरिकेत 'प्रोजेक्ट मॅच' नावाचा भलामोठा प्रयोग झाला, १,७२६ पेशंट. संवादाच्या तीन पद्धती. एकीत बाराऐवजी चारच बैठका. कुठल्या पेशंटला कुठली पद्धत मानवते हे शोधायचं होतं. १९९७ मध्ये निकाल आले: पेशंट सुधारले, पण पद्धतींत फारसा फरक निघाला नाही. आमचीच पद्धत शास्त्रीय असं सांगत फिरणाऱ्यांनी त्यावर काय केलं? कार्यशाळा भरवणं चालूच ठेवलं.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची. व्हिएतनामात अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१ मध्ये परतलेल्यांचा ली रॉबिन्स या बाईंनी पाठपुरावा केला. जवळजवळ वीस टक्के सैनिकांनी तिथे आपल्याला व्यसन जडल्याचं सांगितलं; त्यांच्यातले परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते जेमतेम पाच टक्के. बहुतेकांनी उपचार घेतलेच नव्हते. युद्ध मागे राहिलं, घर मिळालं, काम मिळालं. हे वाचून माझा समुपदेशनावरचा विश्वास उडाला नाही, पण त्याचं काम नेमकं काय याबद्दलचं मत बदललं.

कारण नाटकात सुधाकर एकदा खरोखर दारू सोडतो. शपथ घेतो, ती मनापासून घेतो आणि काम मागायला जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे जातो. ते त्याला अपमान करून हाकलतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. निश्चय होता हो! नोकरी नव्हती. रामलालच्या बोलण्याला मी उगाच इतकं झोडपलं. त्याच्याहून मोठे गुन्हेगार त्या एका प्रवेशातले सभ्य गृहस्थ आहेत.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा शहरात गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरचा, धुमाकूळ होता. तिथे बरे झालेले पेशंट कार्यकर्ते म्हणून काम करू लागले. याची वाखाणणी होते ती 'अनुभवी माणूस अनुभवी माणसाला समजतो' म्हणून. ते खरंच आहे, पण टर्की, म्हणजे नशा तोडल्यावरचा त्रास, सोसून नुकत्याच उठलेल्या पोराला तिथे जबाबदारीही मिळते, सकाळी वाट पाहणारं कुणी मिळतं, हेही तितकंच खरं. समुपदेशकाचा अर्धा वेळ याच गोष्टींत जायला हवा: पगाराच्या दिवशी कोण भेटेल, त्याला काय सांगशील, स्लिप झाली, म्हणजे पुन्हा घेतली गेली, तर रात्री फोन कुणाला करशील, सुपरवायझरशी मी बोलू का. यातल्या शेवटच्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकवाले नाकं मुरडतात. मुरडोत.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणी अहवालानुसार दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसली तरी मदत मिळते. बाकीचे ३७ जण फॅड परवडत नाही म्हणून नव्हे, तर जवळपास कुणी नाही म्हणून किंवा लाजेपोटी तसेच राहतात. त्यांना निश्चयाचे लेख मात्र घरपोच मिळतात. आमच्या स्तंभलेखकांच्या कारखानदारांत ओळखी पुष्कळ आहेत असं ऐकतो. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्या एखाद्याला त्यांनी आधी कुठे तरी चिकटवून द्यावं आणि निश्चयावरचा पुढचा लेख त्यानंतर लिहावा.