नांदगावचे गणित, रत्नागिरीची सावली

मार्चमधल्या विषुवदिनी रत्नागिरीत बारा अंगुळांची काठी उन्हात सरळ उभी केली, तर भर माध्यान्ही तिची सावली पावणेचार अंगुळांना जराशी कमी भरते. (माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, त्या दिवशी तिथली माध्यान्ह होते पावणेएकच्या सुमारास.) या सावलीला जुन्या ज्योतिषात पलभा म्हणतात. ही एवढीशी संख्या आणि गावाचे देशांतर, म्हणजे उज्जैनवरून जाणाऱ्या मध्यरेषेपासूनचे त्याचे पूर्व-पश्चिम अंतर, हाती आले की दुसऱ्याच गावात बसून रचलेले गणित रत्नागिरीला लागू होते. एकच रचना अनेक ठिकाणी चालवायची आणि प्रत्येक ठिकाणचे वेगळेपण मूळ रचनेला हात न लावता सांभाळायचे, हा प्रश्न आज संगणकाच्या क्षेत्रात रोजचा आहे. एकच प्रणाली ती लिहिणाऱ्याच्या संगणकावर, चाचणीच्या सर्व्हरवर आणि लोक प्रत्यक्ष वापरतात त्या सर्व्हरवर चालते. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, भाषा, कोणती सोय चालू आणि कोणती बंद, हे मात्र जागेजागी वेगळे असते. या वेगळेपणाला कॉन्फिगरेशन म्हणतात. त्याची मांडणी कशी करावी याचा विचार संगणकात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हळूहळू पिकत गेला. त्यातली सर्वांत अवघड पायरी पंचांगकर्त्यांनी फार आधी ओलांडली होती, असे माझे म्हणणे आहे. आणि ती पायरी कोणती हे नीट पाहिले तर आजच्या चुकाही ओळखता येतात.

कोकण किनाऱ्यावरच्या नांदगावचे (हे गाव आज रायगड जिल्ह्यात आहे) गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ रचले. पुढे महाराष्ट्रात आणि बाहेरही कित्येक पिढ्या पंचांगे त्यावरून होत राहिली. या ग्रंथाचा मोठा गुण त्याच्या अचूकतेइतकाच त्याच्या बांधणीत आहे. गणेशांनी ज्या-कोटिज्यांची कोष्टके वापरावीच लागू नयेत अशा युक्त्या योजल्या. दिवसांची मोजणी ४०१६ दिवसांच्या, म्हणजे अकरा वर्षांच्या, चक्रांत बांधली, त्यामुळे आकडेमोड साध्या माणसाच्या आवाक्यात आली. ग्रहांची आरंभस्थिती क्षेपक म्हणून एकदाच दिली आणि चक्रागणिक पडणारा फरक ध्रुवक म्हणून वेगळा काढला. हा सगळा भाग सर्वांना सारखा. गावाला जे द्यायचे ते फक्त दोन दारांतून आत येते: देशांतर आणि पलभा. पलभेला १०, ८ आणि १०/३ यांनी गुणले की तीन चरखंडे, म्हणजे दिवसाच्या वाढ-घटीचे आकडे, मिळतात. रत्नागिरीसाठी त्यांची बेरीज सुमारे ७८ पळे होते. तिची दुप्पट विषुवदिनाच्या तीस घटकांत मिळवली की वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे ३२ घटका ३६ पळांचा, म्हणजे तेरा तासांहून दोन-तीन मिनिटे जास्त, असे उत्तर येते. आजच्या गणिताशी ते काही मिनिटांच्या आत जुळते. पलभा मोजायला विद्वानही लागत नाही. काठी, सपाट जागा आणि ऊन पुरे. म्हणजे गावाची किंमत गावातच मोजली जाते आणि ग्रंथ तिच्यासाठी फक्त एक जागा मोकळी ठेवतो. नांदगावची पलभा चार अंगुळांच्या जवळ आहे, पण ती ग्रंथाच्या पोटात कायमची शिवलेली नाही. लेखकाने स्वतःच्या गावालाही इतर गावांसारखेच एक गाव मानले आहे. ही शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण संगणकात सर्वांत जास्त बिघाड इथेच होतो: लिहिणाऱ्याच्या संगणकावर जे खरे असते ते सर्वत्र खरे आहे असे धरून पत्ते आणि पासवर्ड थेट कोडमध्ये लिहिले जातात.

संगणकाच्या जगात पहिला सरळ उपाय नकलांचा होता. प्रत्येक सर्व्हरसाठी एक फाइल, तिची प्रत काढा आणि चार ओळी बदला. सर्व्हर थोडे असताना हे चालते. त्यांची संख्या वाढली की प्रती एकमेकींपासून नकळत दूर जातात आणि कोणता फरक मुद्दाम ठेवलेला आहे व कोणता विसरभोळेपणाचा, हे सांगता येत नाही. १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी ‘सीएफइंजिन’ लिहिले, ते याच दुखण्यावर. प्रत्येक यंत्राला काय करायचे हे सांगण्याऐवजी ते कोणत्या स्थितीत असायला हवे हे एकदा लिहायचे आणि यंत्राने तिकडे यायचे. पुढचे वळण २०११ चे. ‘हेरोकू’ या कंपनीचे अ‍ॅडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ या टिपणात कोड आणि कॉन्फिगरेशन यांच्यात काटेकोर रेघ ओढली. कसोटी अशी की या क्षणी तुमचा कोड जगासमोर उघडा ठेवला तरी एकही गुपित फुटता कामा नये. हीच पलभेची मोकळी जागा. मात्र या टिपणात आणखी एक आग्रह होता आणि तो आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. ‘चाचणी’, ‘प्रत्यक्ष वापर’ अशा नावांखाली किमतींचे गठ्ठे बांधू नका, असे ते सांगते. उद्या आणखी एक चाचणी-सर्व्हर आला, परवा कोणाचा खासगी सर्व्हर आला, की गठ्ठ्यांची संख्या हाताबाहेर जाते. म्हणून प्रत्येक किंमत सुटी ठेवा.

निदान बरोबर होते, पण उपाय पुरा पडला नाही. सुट्या किमती शेकड्यांत गेल्या की त्यांतले नाते हरवते. समजा एखादी नवी पैसे भरण्याची सोय सुरू करायची आहे. तिच्यासाठी एक पत्ता, एक किल्ली, एक मुदत आणि दोन परवानग्या एकत्रच लागतात. चार दिल्या आणि पाचवी राहिली तर सोय अर्धवट उभी राहते. म्हणजे गठ्ठा हवाच. प्रश्न उरतो तो गठ्ठ्याला नाव कशाचे द्यायचे हा. याचे उत्तर संगणकाला सापडायला वेळ लागला. अनेक सर्व्हरांवर प्रणाली चालवणाऱ्या कुबरनेटिस या व्यवस्थेच्या भोवती आधी ‘हेल्म’ आले. त्यात एक साचा आणि त्यात भरायच्या किमती. मग ‘कस्टमाइझ’ आले आणि २०१९ मध्ये ते कुबरनेटिसच्या मूळ आज्ञावलीत दाखल झाले. त्यात साचा नाही. खाली सामाईक पाया, वर जागेपुरता फरकाचा थर. आणि २०२० मध्ये त्यात ‘कंपोनंट’ ही कल्पना आली: पायाही नव्हे आणि जागेचा थरही नव्हे, तर एका सोयीचे संपूर्ण कॉन्फिगरेशन, ज्या जागांना हवे असेल त्यांनी उचलावे. गठ्ठा राहिला, पण त्याचे नाव जागेवरून निघून सोयीवर गेले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला खरा वैचारिक बदल हाच आहे. बाकीची साधने येतील आणि जातील.

पंचांगात पाया आणि जागा यांपलीकडची ही तिसरी जात स्वच्छ दिसते. रत्नागिरी, पुणे आणि सोलापूर यांचे सूर्योदय वेगळे, पण तिन्ही ठिकाणी महिना अमावास्येला संपतो आणि वर्ष चैत्रात सुरू होते. गुजरातेतही महिना अमावास्येलाच संपतो, पण तिथले विक्रम संवताचे वर्ष कार्तिकात उघडते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपल्या श्रावण वद्य अष्टमीची जन्माष्टमी तिकडे भाद्रपदात मोडते, दिवस तोच असून. मग त्याच गावात एका घरी स्मार्त एकादशी, शेजारी भागवत. अमान्त, पौर्णिमान्त, स्मार्त, भागवत ही गावांची नावे नाहीत. ती संकेतांची नावे आहेत. प्रत्येक संकेत स्वतःत पूर्ण आहे आणि कोणत्याही गावाला जोडता येतो. ‘रत्नागिरीची पद्धत’ आणि ‘राजापूरची पद्धत’ अशा याद्या केल्या असत्या, तर गावांच्या आणि पंथांच्या गुणाकाराइतकी पंचांगे छापावी लागली असती.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. गावाचा अक्षांश हजार वर्षे हलत नाही आणि कॉन्फिगरेशन तर आठवड्याला बदलते, मग तुलना कशी टिकावी? आक्षेपात तथ्य आहे, पण पंचांगाचे गणितही स्थिर राहिले नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘ग्रहलाघव’सारख्या जुन्या करणग्रंथांवरून काढलेले ग्रह आणि आकाशात दिसणारे ग्रह यांत अंतर पडले होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय मूलांकांवर आधारलेली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर शुद्ध पंचांगाचा जो वाद पेटला तो लोकमान्य टिळकांपर्यंत येऊन पोचला. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथात ही सगळी परंपरा बारकाईने तपासली. त्या वादात पलभा आणि देशांतर यांना कोणी हात लावला नाही, ही गोष्ट मला बोलकी वाटते. चूक पायात होती आणि ती पायातच दुरुस्त करायची होती. प्रत्येक गावाने आपापल्या देशांतरात दोन-चार पळे इकडेतिकडे करून ग्रह जुळवून घेतले असते, तर काही वर्षे सगळे ठीक दिसले असते आणि मूळ दोष कायमचा झाकला गेला असता. संगणकात असे नेमके घडते: मूळ कोडमधला दोष एका सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये दडपला जातो आणि पुढच्या सर्व्हरवर पुन्हा उगवतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सोय स्वतःत पूर्ण असेल, तर ती एका जागी तपासली की सगळीकडे चालायला हवी. मग जागा आणि सोय यांचा एवढा बाऊ कशाला? इथे एकादशी पुन्हा उपयोगी पडते. अरुणोदयाला, म्हणजे सूर्योदयाच्या चार घटका आधी, दशमी उरली असेल तर भागवत ती एकादशी सोडतात. नियम सर्वत्र एकच. पण नागपूर रत्नागिरीच्या पूर्वेला जवळजवळ सहा अंशांवर आहे, म्हणून तिथला सूर्य सरासरी एक घटका आधी उगवतो. एखादी तिथी या दोन उगवतींच्या मधल्या वेळात संपते, असा दिवस सरासरीने दोन महिन्यांत एकदा येतो. तीच गोष्ट दोन अरुणोदयांची. दशमी अशा वेळी संपली तर नागपुरात एकादशी सोडावी लागेल आणि रत्नागिरीत धरता येईल, संकेत तोच असून. म्हणजे सोय आणि जागा वेगवेगळ्या लिहाव्यात हे खरे, पण त्यांचा मेळ प्रत्येक जागी नव्याने तपासावाच लागतो.

हा मेळ न तपासण्याची किंमत जगाने १ ऑगस्ट २०१२ रोजी पाहिली. अमेरिकेतल्या ‘नाइट कॅपिटल’ या कंपनीला शेअरबाजारासाठी नवा कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता. तो सातांवरच गेला. त्याहून वाईट म्हणजे नवी सोय सुरू करण्यासाठी जो फ्लॅग, म्हणजे चालू-बंदची खूण, वापरला, तो पूर्वी एका वेगळ्याच, वर्षानुवर्षे बंद पडलेल्या सोयीचा होता. सात सर्व्हरांनी त्याचा नवा अर्थ घेतला, आठव्याने जुना. पाऊण तासात कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. कोड आणि कॉन्फिगरेशन वेगळे काढले की कॉन्फिगरेशन निरुपद्रवी होते, असा समज या क्षेत्रात अजूनही भेटतो. एका नावाला दोन अर्थ आणि एक विसरलेली जागा एवढ्यावर जे घडले, ते पाहता हा समज सोडायला हवा.

राहिला एक आक्षेप, तो आपल्या मातीतला. सामाईक पायाच्या नादात स्थानिक वेगळेपण पुसले जाते, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती मनापासून स्वीकारली नाही. तिथे एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली मुंबईवेळ १९५५ पर्यंत टिकली. रत्नागिरीची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे सदतीस मिनिटे मागे आहे. रेल्वेला आणि तारखात्याला हा फरक परवडणारा नव्हता, म्हणून घड्याळातून तो काढला, आणि ते योग्यच झाले. पण पंचांगातला सूर्योदय गावाचाच राहिला. एका थरात जो फरक काढून टाकणे शहाणपणाचे, तोच दुसऱ्या थरात जपणे आवश्यक असते. आज जिल्हा प्रशासनाची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या एकाच चौकटीवर उभी आहेत, रत्नागिरीचेही. सुरक्षितता आणि दृष्टिहीनांना वाचता येण्याची सोय जिल्ह्याजिल्ह्याने वेगवेगळी घडवत बसण्यात काही अर्थ नाही. मंडणगडपासून राजापूरपर्यंतचे नऊ तालुके, तिथली कार्यालये, मराठी मजकूर, हे मात्र रत्नागिरीनेच भरायचे आहे. चौकट एक असल्याने हे वेगळेपण पुसले जात नाही. ते पुसले जाते ते भरायच्या जागा मोजक्या आणि नेमक्या न ठेवल्याने, किंवा त्या कोणी न भरल्याने.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, तेव्हा कुडाळ-सावंतवाडीची पलभा बदलली नाही आणि तिथली एकादशीही. बदलले ते जिल्ह्याचे नाव, मुख्यालय आणि सरकारी कागदांवरचे पत्ते. नवा सर्व्हर उभारताना कॉन्फिगरेशनच्या प्रत्येक ओळीला हाच प्रश्न विचारावा लागतो: ही किंमत सूर्याची आहे, संकेताची आहे, की कचेरीची? ‘अमुक अक्षांश, अमुक रेखांश’ अशी ओळ पंचांगात छापलेली असते, म्हणून दुसऱ्या गावच्या वाचकाला काय दुरुस्त करायचे ते कळते. बहुतेक कॉन्फिगरेशन फाइलींत ही ओळ नसते. ती लिहायला पाच मिनिटे लागतात, आणि सहा महिन्यांनी ती फाइल दुसऱ्या जागी नेणाऱ्याला तिच्यासाठी कोणाचीही वाट पाहावी लागत नाही.